भिंतीखालची लाइन

मोरीची जाळी निघता निघत नव्हती. ड्रेनेजवाल्याने आधी ती हाताने ओढून पाहिली, मग कडेच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून चहूबाजूंनी हलवली, आणि शेवटी दातओठ खात असा हिसका दिला की जाळी हातात आली आणि तो स्वतः मागच्या पिंपावर आदळला.

"निघाली बाई एकदाची," तो म्हणाला. "माहेर सोडवत नव्हतं तिला."

थोरली हसली नाही. नाकाला रुमाल लावून ती दारातच उभी होती. मोरीत घोटाभर काळं पाणी साचलं होतं. त्यावर साबणाचा राखाडी तवंग पसरला होता आणि कडेकडेने सकाळच्या भांड्यांचं खरकटं फिरत होतं.

"पाणी कधी वर येतं?"

"ती सोडेल तेव्हा."

"ती कोण?"

थोरलीने हनुवटीनेच समोरची भिंत दाखवली. मोरीचे दोन तुकडे करून ती भिंत स्वयंपाकघरात गेली होती, आणि तिथून पुढच्या खोलीतून थेट रस्त्याकडच्या दारापर्यंत. घर उभं चिरलेलं होतं. खिडक्यासुद्धा वाटून घेतल्या होत्या. भिंतीच्या पलीकडे थोरलीची सख्खी धाकटी बहीण राहत होती, एवढं ड्रेनेजवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी सांगितलं होतं.

"मुद्दाम सोडते," थोरली म्हणाली. "मी अंघोळीला बसले की हटकून. मी भिंतीवर फुंकणी आपटते, तेव्हा कुठे थांबते."

"तुम्ही दिवसभर नळाला हातच लावला नाही आणि तरी पाणी वर आलं, असं होतं का?"

थोरलीने तोंड उघडलं. पूर्वी व्हायचं. भर दुपारी, ती मशिनवर ब्लाउज शिवत बसलेली असताना मोरी गुडगुड करायची आणि बघता बघता भरायची. पण अलीकडे? तिने रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. ड्रेनेजवाला उत्तराची वाट न बघता पाइपात तुंबा काढायची लांब स्प्रिंग सोडू लागला होता.

तो बोलका गडी होता. स्प्रिंगचा दांडा फिरवता फिरवता तो पाइपाशीच बोलायचा. चल राणी, वळण घे, अस्सं, आता का रुसलीस? स्प्रिंग थोडी आत जायची आणि थटायची. त्याने ती बाहेर काढली तेव्हा टोकाला केसांचा गुंता, चरबीचा पिवळा गोळा आणि विटेचा लालसर चुरा होता. केस आणि चरबी त्याने बादलीत झटकली. चुरा मात्र दोन बोटांत धरून चोळला, आणि त्याचं बोलणं थांबलं.

मग त्याने पिशवीतून कॅमेरा काढला. लांब तारेच्या टोकाला बोंडाएवढा दिवा, आणि या टोकाला लहानसा पडदा. थोरली नकळत पुढे झाली. पडद्यावर आधी नुसताच गढूळ अंधार दिसला. मग पाइपाची गोल भिंत दिसली, तडे गेलेली, तड्यांतून केसांसारखी बारीक मुळं आत आलेली. कॅमेरा सरकत गेला तशी ती गोलाई चेपत गेली. आधी अंड्यासारखी झाली, मग मिटत आलेल्या पापणीसारखी, आणि पुढे काहीच नव्हतं. खापरांचा ढीग आणि विटांचे तुकडे.

"ही भिंत कुणी बांधली?"

"मी बांधून घेतली."

"पाया काढला होता?"

"गवंडी म्हणाला, आतली भिंत आहे, फरशीवरच उठवू."

ड्रेनेजवाल्याने भिंतीवरून खालपासून वरपर्यंत नजर फिरवली. "घराची जुनी लाइन बरोबर हिच्या पोटाखालून जाते, मावशी. चिनी मातीचे पाइप आहेत, तुमच्या-माझ्या आधीचे. एवढी वर्षं हिचं ओझं घेतलं त्यांनी. आता बसले. दोन्ही मोऱ्यांचं पाणी ह्याच लाइनला मिळतं. मला तिकडूनही बघावं लागेल."

"बघा. मी यायची नाही."

तो चिखलाचे पाय पुसून पुढच्या दाराने बाहेर पडला. थोरली भिंतीपाशी उभी राहिली. पलीकडे कडी वाजली, त्याचा आवाज आला, मग धाकटीचा. शब्द कळत नव्हते. फक्त आवाज. तो बारीक झाला होता, आईच्या शेवटच्या दिवसांतल्या आवाजासारखा खरखरीत.

आई आजारी पडली तेव्हा धाकटी दवाखान्यात आया होती. असली दुखणी तिने रोज पाहिली होती. "आता तिला चिरू नका," ती म्हणाली होती, "घरी आणू. चार दिवस आपल्यात राहील." थोरलीला ते बोलणं उलट्या काळजाचं वाटलं. ऑपरेशन करायचंच म्हणून ती हटून बसली. आई टेबलावरून परत आली नाही. स्मशानातून आल्यावर, पायसुद्धा धुतले नव्हते, धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?" त्या एका वाक्यावर थोरलीने गवंडी बोलावला होता.

ड्रेनेजवाला परत आला तो गप्पच. त्याने मोरीच्या कडेवर बसकण मारली, कॅमेऱ्याची तार गुंडाळली, नीट गुंडाळलेली पुन्हा उलगडली.

"काय म्हणाली?" थोरलीने विचारलं.

"तिकडची मोरी कोरडी आहे."

"म्हणजे?"

"ठणठणीत. आत कुंड्या ठेवल्यात त्यांनी. जाळीवर गंज चढून त्याचे पोपडे सुटलेत. त्या मोरीत पाण्याचा थेंब पडून जमाना झाला." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "माझ्या आधी त्यांनीही कुणाला तरी बोलावलं होतं. तुमची बाजू वीतभर उताराला आहे. तिकडे सोडलेलं पाणी तुमच्याकडे वर येतं, हे त्यांना तेव्हाच कळलं. तेव्हापासून सगळं बादलीत धरतात. अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं. पहाटे मागच्या गल्लीतल्या गटारात नेऊन ओततात."

थोरलीने मोरीकडे पाहिलं. पाणी होतं तिथेच होतं.

"मग हे कुणाचं?"

"तुमचंच," तो म्हणाला. "जायला वाट नाही म्हणून फिरून येतंय."

पहाटे बादलीची कडी वाजते, ती थोरलीने कितीदा ऐकली होती. शेजारची कुणी झाडांना पाणी घालते, असं धरून चालली होती ती. फुंकणी चुलीशेजारच्या कोनाड्यात होती. तिचं टोक चेपून सपाट झालं होतं.

"मला त्रास नको म्हणून करते?" तिने विचारलं.

ड्रेनेजवाल्याने मान खाजवली. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं, पण जमलं नसावं. "मी विचारलं त्यांना, का हो एवढं वाहता? तर म्हणाल्या, मला तिचं काही ऐकून घ्यायचं नाही."

मग थोरली एकदम म्हणाली, "पाडा भिंत. आजच पाडा. खाली खणा आणि नवीन पाइप घाला. मला नको ती भिंत."

ड्रेनेजवाला उठला. त्याने स्टूल ओढलं, त्यावर चढून बॅटरी वर मारली आणि तिला जवळ बोलावलं. छताची मोठी तुळई घराच्या मधोमध आडवी गेली होती. तिच्याखाली पूर्वी एक लाकडी खांब होता. भिंत बांधताना तो मध्ये येत होता आणि वाळवीने पोखरलाही होता, म्हणून गवंड्याने काढून टाकला होता. आता तुळई भिंतीवरच टेकली होती. टेकली होती कसली, रुतली होती. टेकल्या जागी लाकडाची नुसती पूड होती.

"भिंत काढली की हे सगळं खाली येईल."

"बाहेरून दुसरी लाइन टाका मग."

"कुठे टाकू? रस्ते दरवर्षी वर चढले, घर होतं तिथेच राहिलं. आता गल्ली तुमच्या उंबऱ्याच्या वर आहे. पाणी चढ चढत नाही, मावशी. आणि खोल जायचं म्हटलं तर पाया मातीचा. खणलं की बसला." तो स्टुलावरून उतरला. "नवीन घर बांधणार असाल तर गोष्ट वेगळी."

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

"संडासात ओतलं तर?"

"तो खड्डा वेगळा आहे, पण लहान. अंघोळीचं पाणी पडलं तर तोही भरून वर येईल. त्याला तेवढं जपा."

त्याने मोरीतलं पाणी उपसून दिलं, फरशी घासून दिली, जाळी जागेवर बसवली. जाता जाता पाइपाला काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मजुरी नकोच म्हणत होता. थोरलीने त्याच्या खिशात कोंबली.

त्या दिवशी थोरलीने भांडी टोपात धुतली. अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकली, तीही परातीत बसून. सगळं पाणी बादलीत जमवलं. आपण दिवसाकाठी एवढं पाणी घाण करतो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

पहाटे तिने मागचं दार उघडलं. बादली दोन्ही हातांनी उचलली तरी पायाला आपटत होती. उंबऱ्यापाशीच ओंजळभर पाणी पावलांवर सांडलं. गल्लीच्या पायऱ्या चढून ती वर आली तर समोर धाकटी होती.

गटाराचं लोखंडी झाकण तिने वाकड्या सळईने उचलून धरलं होतं. झाकण पूर्ण उलटत नसावं. एका हाताने सळई दाबून ती दुसऱ्या हाताने बादली कलती करत होती. पाठीला बाक आला होता. केस पांढरे, आणि मागे बारीकशी गाठ. तिने थोरलीला पाहिलं. बादली रिकामी केली. पण झाकण सोडलं नाही. धरूनच उभी राहिली.

थोरलीला कळायला क्षणभर लागला. मग ती पुढे झाली.

"हळू ओत," धाकटी म्हणाली. "उडतं अंगावर."

थोरलीने हळू ओतलं. पाणी आत अंधारात पडलं, आणि बराच वेळ खाली कुठेतरी वाहताना ऐकू येत राहिलं. दोघी ते ऐकत उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं," थोरली म्हणाली. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला बोलावं लागलं असतं."

धाकटीने झाकण खाली सोडलं. ते दणकन बसलं. सळई काखेत मारून, बादली उचलून ती आपल्या दाराकडे निघाली. पायरी उतरताना तिने भिंतीचा आधार घेतला. थोरलीचा हात पुढे गेला, पण मध्ये अंतर फार होतं. आतून कडी लागली.

तो दिवस थोरलीने एका वाक्यात घालवला. आईच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं. एवढंच म्हणायचं. पुढेमागे काही जोडायचं नाही, माफी नाही, रडणं नाही. शिवताना म्हणून पाहिलं, भांडी विसळताना म्हणून पाहिलं. दोनदा भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. पण भिंतीला सांगायची गोष्ट नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी ती अंधार असतानाच उठली. बादली घेऊन बाहेर आली तर गल्ली मोकळी होती. झाकण लावलेलं होतं. भोवतालचे दगड ओले होते आणि दगडांच्या खाचेत साबणाचा फेस अजून विरला नव्हता. धाकटीचं दार बंद होतं, आत दिवाही नव्हता.

थोरली थोडा वेळ उभी राहिली. झाकण उचलायचं कसं, याचा तिने विचारच केला नव्हता. परत फिरावं म्हणून वळली, तेव्हा तिला सळई दिसली. तिच्याच दाराच्या चौकटीला टेकवून ठेवली होती, धरायचं टोक वर करून.

तिने झाकण उचललं. जड होतं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा धरता आलं. पाणी हळू ओतलं. मग सळई धुतली, ओच्याने कोरडी केली आणि धाकटीच्या दाराला टेकवून ठेवली. कडी वाजवायला हात वर नेला होता. तो तसाच खाली आणला.

त्यानंतरच्या पहाटे थोरली आणखी लवकर उठली. सळई पुन्हा तिच्या चौकटीशी होती. झाकणाभोवतीचे दगड ओले होते. गल्लीत कुणी नव्हतं.