मेलीदाबाईंची फेरतपासणी

तपासणीत सगळं ठीक निघालं, तर बंबवाले दाखल्यावर सही करून जातात आणि वर्षभर फिरकत नाहीत. त्रुटी निघाली, तर पंधरा दिवसांनी फेरतपासणीला पुन्हा येतात. हा नियम मेलीदाबाईंना पाठ होता. म्हणून सहा वर्षं त्या दरवर्षी एक त्रुटी हाताने तयार करत होत्या.

त्यांचा टोप्यांचा कारखाना होता. खाली टोप्या विणायच्या गवताच्या गासड्या, परसात टोप्या पांढऱ्या करायला गंधकाची धुरी द्यायची पेटी, आणि वर लाकडी जिन्याने गेलं की त्यांची खोली. आगीला याहून सोयीची जागा मिळाली नसती. नवरा बावीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला भांडी घासायला गेला. फोन आधी दर रविवारी यायचा, मग नाताळला. मग एकदा त्याच्या मागे कुणीतरी त्याला ‘पप्पा’ म्हणून हाक मारली, आणि त्यानंतर फोन आला नाही.

बंबवाल्यांचे सार्जंट तेनेसाका पहिल्यांदा तपासणीला आले तेव्हा वर जाऊन खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. फाइल उघडून त्यांनी विचारलं, "इथे झोपतं कोण?"

"मी."

"एकट्याच?"

"हेही नियमात आहे का?"

"आहे. माणसं मोजावी लागतात." त्यांनी ‘१’ हा आकडा लिहिला. मग खिडकी उघडून खाली वाकून पाहिलं. "रात्री खाली पेटलं, तर तुम्ही बाहेर कशा पडणार?"

तुम्ही कशा, हे नवरा गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. मेलीदाबाईंनी कॉफी पुढे केली. सार्जंट म्हणाले, कॉफी लाचेत धरतात. मग पाणी दिलं. पाणी लाचेत धरत नाहीत, म्हणून ते तीन ग्लास प्यायले.

तेव्हापासून त्रुटी सुरू झाल्या. एका वर्षी आग विझवायच्या लाल सिलिंडरवर टोप्या सुकत घातल्या. एका वर्षी ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ लिहिलेला बाण कपाटाकडे वळवला. सार्जंटांनी बाणाकडे बराच वेळ पाहिलं.

"या बाणाने माणसं कपाटात जातील, मेलीदाबाई."

"कपाट मोठं आहे."

"हो, पण त्याला मागून दार नाही." त्यांनी गंभीरपणे नोंद केली. आणि दरवर्षीप्रमाणे खाली दुसरी ओळ लिहिली, जिन्याचा कठडा पाच सेंटीमीटर ठेंगणा.

ही त्रुटी मेलीदाबाईंनी केलेली नसायची. दरवर्षी त्या सुताराला बोलावून कठडा पाच सेंटीमीटर वाढवून घ्यायच्या. फेरतपासणीत तो पास व्हायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा ठेंगणा निघायचा. "लाकूड बसतं," सार्जंट म्हणायचे. असं कुठलं लाकूड बसतं, हे सुताराला समजत नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. पंधरा दिवसांनी माणूस येणार असेल, तर लाकूड खुशाल बसू दे.

यंदा त्यांनी परसाच्या दाराला गासड्या लावून ठेवल्या आणि केस विंचरले. आली ती एक तरुण मुलगी. सार्जंटांचे गुडघे गेले, म्हणाली, आता ते कार्यालयात खिडकीवर बसतात. तिने गासड्या स्वतःच बाजूला सरकवल्या, कारण तिला घाई होती, आणि त्रुटी तिथेच संपली. मग ती जिन्यापाशी अडली.

"हा कठडा कुणी बांधला? एकशे वीस भरतोय. नियम नव्वदचा आहे."

बुटक्या मेलीदाबाईंच्या तो खांद्यापर्यंत यायचा. "ठेंगणा होता ना आधी."

"खाली बघा ना, मूळचा बरोबर नव्वद आहे. वर सहा पट्ट्या ठोकल्यात." मुलीने सही केली. "उंच चालतो. पुढच्या वर्षी भेटू."

ती गेल्यावर मेलीदाबाई कठड्यापाशी उभ्या राहिल्या. सहा पट्ट्या, सहा रंगांचं लाकूड. त्यांनी एकेक जोड बोटाने चाचपला.

"आत्या," खाली टोप्या विणणारी त्यांची भाची नूबे म्हणाली, "सार्जंटांची मोजपट्टी खराब होती का गं?"

"नाही," मेलीदाबाई म्हणाल्या, आणि शाल घेऊन निघाल्या.

कार्यालयातल्या काचेमागे सार्जंट तेनेसाका बसले होते. बाईंना बघून ते उठू लागले, गुडघ्याने नाही म्हटलं, पुन्हा बसले.

"तक्रार करायची आहे," बाई म्हणाल्या.

सार्जंटांनी फॉर्म ओढला. "कुणाविरुद्ध?"

"मेलीदा किझ्पे. टोप्यांचा कारखाना, चर्चमागे."

"तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवता येतं."

"ठेवा."

"काय त्रुटी आहे?"

"कठडा उंच आहे."

"उंच असल्याचा रकाना नाही, बाई. ठेंगणा असल्याचा आहे."

"तो कसा भरतात, हे तुम्हाला बरं ठाऊक आहे."

सार्जंटांचं पेन थांबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागे रांगेत एक भाजक्या कोंबड्या विकणारा दुकानातला लाल सिलिंडर तपासून घ्यायला काखेत घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मावशी, पेटलंय की नाही तेवढं सांगा. माझं दुकान उघडं टाकून आलोय."

"अजून नाही पेटलं," मेलीदाबाई मागे न वळता म्हणाल्या.

"तक्रारीची पाहणी आता ती मुलगी करते," सार्जंट हळू आवाजात म्हणाले. "मला नियमाप्रमाणे येता येत नाही."

"मग नियमाशिवाय या."

सार्जंटांनी फॉर्म बाजूला सारला. "नियमाशिवाय मी कधी कुणाच्या दारात गेलो नाही. दार उघडल्यावर काय म्हणतात?"

"काहीही म्हणा की राव," कोंबडीवाला म्हणाला. "रांग बघा."

मेलीदाबाईंच्याही दारात तसं कुणी आलं नव्हतं. त्या घरी गेल्या आणि दाराकडे तोंड करून विणायला बसल्या. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी टोप्या विकत घेणारा कुएन्का शहरातला व्यापारी आला, त्याच्याशी त्या उगाच रागाने बोलल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस होता.

चौथ्या दिवशी दुपारी नूबे खिडकीतून बघत म्हणाली, "आत्या, समोर एक माणूस उभा आहे. आपलं छप्पर बघतोय, तारा बघतोय. घर जाळायला आलाय बहुतेक."

मेलीदाबाईंनी मान उंचावली. समोरच्या भिंतीला टेकून सार्जंट उभे होते. गणवेश नव्हता, फाइल नव्हती. त्यांना हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. ते रस्त्याच्या कडेपर्यंत आले, थांबले, पुन्हा भिंतीशी गेले.

"बोलावू का?"

"नको," मेलीदाबाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना येऊ दे."

त्यांनी गवत ओलं केलं आणि पुन्हा विणायला घेतलं. सार्जंट दुसऱ्यांदा कडेपर्यंत आले. एक ट्रक गेला, मग रस्ता मोकळा झाला, तरी ते तिथेच उभे. बाईंच्या बोटांतली वीण चुकली. त्यांनी ती उसवली नाही, तशीच पुढे विणत राहिल्या.