चेल्टनहॅमला उतरायचं

क्लिफर्ड हॅस्लमला कोणी चिक्कू म्हटलं तर त्याला राग येत नसे, उलट अंगावर मूठभर मांस चढे. खिडकीवर जाऊन सरळ एक तिकीट मागणारा माणूस त्याच्या लेखी गाढव होता. इंग्लंडातल्या रेल्वेभाड्याला शेंडा ना बुडखा. चेस्टरफील्डहून न्यूटन ॲबटचं एकच तिकीट काढलं तर एक दर, आणि तोच प्रवास डर्बी, बर्मिंगहॅम, चेल्टनहॅम असे तुकडे पाडून काढला तर जवळजवळ निम्मा. गाडी तीच, खुर्चीही तीच. निवृत्त झाल्यापासून हे तुकडे पाडणं हाच त्याचा धर्म झाला होता. त्यावर आणखी ते दोघांचं कार्ड. नवरा-बायकोचे फोटो शेजारी शेजारी, आणि भाड्यात तिसऱ्या हिश्शाची सूट. अट एवढीच की दोघं सोबत हवीत, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही.

त्याच्या बायकोनं, नोरीननं, चव्वेचाळीस वर्षं हे हसून सोसलं होतं. त्याच्या स्वस्त तिकिटांपायी सख्ख्या भाचीच्या लग्नात ती केक कापून झाल्यावर पोचली होती. तरीही चारचौघांत म्हणायची, "आमच्या क्लिफला डोकं आहे हो." असं कौतुक नसतं केलं तर कदाचित पुढचं टळलं असतं.

गुरुवारी सकाळी सहाला घरातला फोन वाजला. पलीकडे न्यूटन ॲबटहून रसेल होता, तिच्या थोरल्या बहिणीचा, ग्वेनचा मुलगा.

"मावशी, आजचा दिवस निघणं कठीण आहे म्हणतात डॉक्टर. आई शुद्धीवर आहे. सारखं तुझंच नाव घेतेय. निघ लगेच."

 नोरीन जिन्याच्या पायरीवर बसली आणि क्लिफर्डनं रिसीव्हर घेतला. "हं. हं. बरं, पाठव," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मग स्वतःचा मोबाइल घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आला.

"काय म्हणाला रसेल?"

"तेच. या म्हणाला. नऊ चाळीसची गाडी घेऊ."

"नऊ चाळीस? अरे, सात पाचची आहे की!"

"तिला कार्ड कुठे चालतं?"

"क्लिफ, ग्वेन चाललीय रे."

"ग्वेन मार्चपासून चाललीय. ख्रिसमसला आपण धावत गेलो, तर बाईसाहेब उशाला टेकून पुडिंग खात होत्या."

"मग मी एकटी जाते पुढे. तू ये मागून."

"वा! तू पुढे गेलीस की कार्डाची झाली रद्दी. मी काय पूर्ण भाडं भरू? आणि बर्मिंगहॅमला गाडी जरा जास्त थांबली तर तू कुठे उतरून बसशील याचा नेम नाही. बस. चहा घे."

आणि ती बसली. सांगतानासुद्धा संताप येतो, पण बसली खरी. इतक्या वर्षांत तिनं स्वतःचं तिकीट कधी हातात धरलं नव्हतं.

नऊ चाळीसची गाडी वेळेवर सुटली. क्लिफर्डनं घरून अंड्याची सँडविचेस आणली होती, कारण गाडीतला चहा म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. डर्बी गेलं, बर्मिंगहॅम गेलं. त्याच्या तिकिटांचे तुकडे पडत होते आणि त्याला जागचं हलावंही लागत नव्हतं. नोरीन खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात ग्वेनशी बोलत होती. चेल्टनहॅम आलं तसा तो उठला आणि त्यानं बॅग काढली.

"चल, उतरायचं."

"का? ही गाडी न्यूटन ॲबटलाच जाते ना?"

"जाते. पण पुढचा तुकडा मागच्या गाडीचा आहे. तासाभरानं येते. माणशी अकरा पौंड वाचले!"

"क्लिफ, माझ्या पर्समध्ये आहेत पैसे. इथेच काढू ना तिकीट."

"काढलेली तिकिटं फुकट घालवू? लोक हसतील मला."

समोर विणत बसलेली बाई म्हणाली, "बसा हो तुम्ही. तिकीट तपासनीस काय फाशी देतोय?"

पण क्लिफर्ड बॅगेसकट फलाटावर पोचला होता. इस्पितळाचा पत्ता त्याच्या खिशात, तिकिटं त्याच्या खिशात. नोरीन उतरली. दारं लागली आणि गाडी ग्वेनच्या गावाला निघून गेली.

बाकावर बसल्यावर क्लिफर्डचा मोबाइल थरथरला. त्यानं बघितलं आणि पुन्हा खिशात टाकला.

"कोण रे?"

"तिकीटवाल्या कंपनीचं कुणीतरी."

तो आणखी दोनदा थरथरला.

इस्पितळात पोचायला तीन वाजून गेले. रसेल दारातच उभा होता. तो रडत नव्हता, रागानं लाल झाला होता.

"मावशी, होतीस कुठे तू?"

"ग्वेन?"

"सव्वादोनला गेली."

सोडून दिलेली गाडी दोनला दहा कमी असताना इथे पोचली होती. स्टेशनपासून इस्पितळ पाच मिनिटांवर. हा हिशेब मात्र नोरीननं स्वतःच केला.

"सात पाचच्या गाडीत का नाही बसलीस? मी तुझं तिकीट काढून सहालाच काकांच्या मोबाइलवर पाठवलं होतं. स्टेशनवर टॅक्सी ताटकळत उभी होती माझी."

नोरीननं क्लिफर्डकडे पाहिलं.

"एकशे चाळीस पौंड!" क्लिफर्ड म्हणाला. "असे कुणी उधळतं का रसेल? मी ते वापरलंच नाही. पैसे परत मिळतील तुला. फॉर्म मी भरून देतो."

रसेलनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मावशी, मी आईला सांगितलं होतं, तू साडेअकराला येतेस म्हणून. अकरालाच तिनं नर्सकडून केस विंचरून घेतले. लिपस्टिक लावायला लावली. नोरीनला माझा असा अवतार दिसायला नको म्हणाली. मग दाराकडे डोळे लावून बसली. चहावाली आली तरी विचारायची, 'आली का?' मी काकांना तीनदा फोन केला. एक वाजता म्हणाली, 'तिला यायचंच नसेल.'"

"आणि मग?"

"मग काही नाही. तोंड भिंतीकडे केलं."

नोरीन खोलीत गेली. ग्वेन अजून तशीच भिंतीकडे वळून होती. मागून क्लिफर्ड दारातून म्हणाला, "नोरीन, परतीची तिकिटं पाच वीसच्याच गाडीची आहेत हं." ते तिच्या कानावर पडलं की नाही, कोण जाणे. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती. तिनं दोन्ही हातांनी पलंग ओढला, त्या फटीत शिरली आणि गुडघ्यांवर बसली. बहिणीचा चेहरा आता समोर आला. ओठांवर लिपस्टिक नीट लावलेली होती.

"यायचं होतं गं मला," नोरीन म्हणाली. "ग्वेन, यायचं होतं गं."