गाडी मागे घेताना

काकांनी चोक ओढून चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. महिनाभर रस्त्यावर उभी होती, पण कुरकुर म्हणून नाही. बॉनेटवर वाकलेल्या मिस्त्रीने कान देऊन ऐकलं आणि हात पुसले.

"काका, माझ्याहून वयाने मोठी आहे ही, पण साधी खोकत नाही. माझं इथे कामच नाही."

"मग बॉनेट लाव," काका म्हणाले. आवाजात ना कौतुक, ना कंटाळा. महिनाभर ते सगळं असंच बोलत होते.

बायकोला दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. तेव्हाही ती अशीच झटक्यात सुरू झाली होती. येताना काका एकटे आले, गाडी फाटकाबाहेर लावली आणि ती तिथेच राहिली. मग त्यांनी भेटायला आलेल्यांना पाणी दिलं, बायकोचे कपडे आवरले, गाडीच्या बॅटरीतलं पाणीसुद्धा बघितलं. रडणं तेवढं राहून गेलं. सोबतीला येऊन राहिलेली थोरली बहीण रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघायची. आताही ती पायरीवर उभी होती.

"अरे, आज तरी आत घे ती. धूळ खातेय बिचारी."

काकांनी मान डोलावली. गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे हवं, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे शेडमध्ये ती उलटीच न्यावी लागायची, आणि काकांची मान तर धड मागे वळत नव्हती. मिस्त्री आपणहून मागे जाऊन उभा राहिला.

"मी सांगतो. येऊ द्या. जरा डावीकडे. येऊ द्या. बास."

गाडी येतच राहिली.

"बास, काका. अहो, बास म्हटलं ना!"

मिस्त्रीने अंग चोरलं म्हणून बरं. गाडी धाडकन भिंतीवर आदळली. इतक्या वर्षांत जिच्यावर ओरखडा नव्हता, तिची डिकी चेपली.

"ब्रेक गेले की काय?"

"ब्रेक चांगले आहेत. तू बास म्हणालास, तेही ऐकलं मी."

"मग?"

"मागे ही उभी राहायची, ती हातभर आधीच बास म्हणायची. घाबरट नुसती. मी हिला म्हटलं, तुझ्या बासवर माझा भरवसा नाही, डिकीवर दोन थापा मार, मग थांबेन." काकांनी स्टीअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "थापांची वाट बघत होतो."

हेही त्यांनी बॅटरीबद्दल सांगावं तसंच सांगितलं.

"थोडी पुढे घ्या," मिस्त्री म्हणाला. "परत लावू."

काकांनी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे आणली. या वेळी मिस्त्री तोंडाने काहीच बोलला नाही. भिंत हातभर राहिली तेव्हा त्याने चेपलेल्या डिकीवर दोन थापा मारल्या.

गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन मात्र बंद होईना. मिस्त्री कडेने वाट काढत पुढे आला, तर काका स्टीअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडत होते. त्याने चावी फिरवायला खिडकीतून हात घातला, तेवढ्यात बहिणीने येऊन त्याचं मनगट धरलं.

"राहू दे चालू," ती हळूच म्हणाली. "तेवढाच त्याला आडोसा."