डावी झडप

आधीच सांगते, विमान मी बांधलंय आणि उडवणारही मीच. हे वाक्य त्या सकाळी इतक्यांदा म्हटलं की माझा घसा बसला. परवाना खिशात आहे, शिकून मिळवलेला. तरी ज्याला बघावं तो विचारतोय, "पण उडवणार कोण?"

आमच्या हौशी विमानवाल्यांच्या क्लबात एक रीत आहे. नवं विमान पहिल्यांदा उडायच्या आधी पंखाशी घरचं माणूस उभं करायचं. क्लबवाल्यांनी शेडच्या दारातून पुढे यायचं नाही, कारण दोस्त दोस्तासाठी डोळेझाक करतात, घरचे करत नाहीत. बांधणाऱ्याने आत बसून वळवायची दांडी हलवायची आणि घरच्याने पंखाच्या मागच्या कडेची झडप कुठे गेली ते ओरडून सांगायचं. त्याने 'ठीक' म्हटल्याशिवाय विमान जागचं हलत नाही.

आता माझ्या घरचं माणूस म्हणजे माझी लेक. अपघात विभागात नर्स आहे. रोज मोडलेली हाडं बघते, त्यामुळे विमान म्हटलं की हिच्या कपाळाला आठ्या.

"आई, तुझ्या वयाला शोभतं का हे?"

"या वयात सोफे शिवलेले चालतात ना? मग पंखाला कापड ताणलं तर काय बिघडलं?"

आयुष्यभर गाद्या आणि सोफेच शिवले मी. त्याच हातांनी हे पंख शिवलेत.

तर बसले आत. पंख डोक्यावर, त्यामुळे बसल्या जागेवरून झडपा दिसत नाहीत. दांडी डावीकडे झुकवली.

"डावी झडप?"

"खाली."

"नीट बघ गं! वर गेली असेल."

"आई, मला वर-खाली कळतं. खाली गेलीय."

डावीकडे वळताना डावी झडप वर उठायला हवी. दांडीपासून झडपांपर्यंत जाणाऱ्या तारा मी उलट जोडल्या होत्या! तारा कुठे अडकत नाहीत ना, एवढंच तपासत बसले, झडप कुठे जाते ते बघितलंच नाही. तशीच उडाले असते तर डावीकडे वळवायला गेल्यावर विमान उजवीकडे कललं असतं, आणि मी लेकीच्याच विभागात पोचले असते, तेही नशीब असतं तर.

क्लबचे अध्यक्ष दारातून धावत आले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. कधीकाळी मोठी प्रवासी विमानं चालवायचे, तो तोरा अजून उतरलेला नाही.

"उतरा बाई. तारा मी जोडतो आणि उडवतोही मीच. तुम्ही आपल्या खाली उभ्या राहून टाळ्या वाजवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टाळ्या? चूक माझी आहे, कबूल. तपासणी चूक सापडावी म्हणूनच असते ना? सापडली. आता पाना द्या इकडे आणि दारात जाऊन उभे राहा!"

गेले. पुटपुटत गेले, पण गेले.

मी तारा सोडल्या, अदलाबदल करून पुन्हा घट्ट बसवल्या. लेक शेजारी उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, "हे बघ, मला आतून काही दिसत नाही. तू पुन्हा 'खाली' म्हणालीस तर आज मी उडणार नाही. पण खोटं बोललीस तर उद्या परत येऊन बसेन. परवाही बसेन."

"तू ना, फार अति करतेस," ती डोळे पुसत म्हणाली.

बसले. दांडी डावीकडे.

"डावी झडप?"

उत्तरच येईना. तेवढ्यात दारातून कॅप्टन ओरडले, "चुकलंच ना परत? सांगून टाक पोरी, मी येतोच!"

"वर!" लेक किंचाळली. "वर गेलीय! आणि तुम्ही तिथेच थांबा, विमान माझ्या आईचं आहे!"

उजवी बाजू तपासली, तीही बरोबर निघाली. मग लेक खिडकीशी आली आणि आत हात घालून माझा पट्टा असा काही आवळला की श्वास घेणं मुश्कील झालं.

"ठीक," ती म्हणाली.

आणि मागे सरून दाराशी जाऊन उभी राहिली. मी इंजिन सुरू केलं.