न चुकणारी जादू

“आता खालचा पत्ता काढलात,” भांडी पुसता पुसता बायको म्हणाली. तिने मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

पैलवानाने हात आवरता घेतला आणि पत्ते पुन्हा पिसायला घेतले. अंगावर मूठभर मांस नसल्यामुळे कारखान्यात त्याला पैलवान हे नाव पडलं होतं आणि हळूहळू ते घरीही राहायला आलं होतं.

“न बघता तुला कसं कळलं?”

“एरवी तुमच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. लबाडी करायची वेळ आली की गप्प होता.”

हे बोलणं त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. बायकोलाच फसवता येत नसेल तर तपासणी खोलीपुढे कसला निभाव लागणार?

पैलवान कपबश्यांच्या कारखान्यात तयार माल खोक्यांत भरायचं काम करी. त्याचं टेबल तपासणी खोलीतच होतं. तिथली माणसं दिवसभर उजेडासमोर कप फिरवत बसत. काठावरचा टवका, तळाशी आलेला फोड, केसाएवढी चीर, काहीही दिसलं की त्यावर लाल टिकली चिकटवायची आणि कप बाजूला ठेवायचा. या कामाची त्यांना अशी काही चटक लागली होती की कपावर ती थांबत नसे. गार झालेल्या चहाच्या किटलीवर टिकली लागे, साहेबांच्या नोटिशीवर लागे, कोणी केस वाईट कापून आला तर सरळ त्याच्या कपाळावर लागे. शनिवारी जेवणानंतर ज्याची पाळी असेल त्याने काहीतरी करून दाखवायचं, गाणं, नक्कल, काहीही, आणि बाकीच्यांनी ते तपासायचं, हा खोलीचा रिवाज होता. चूक सापडली की टिकली.

पैलवान दर वेळी पत्त्यांची जादू करी आणि दर वेळी गोवर निघाल्यासारखा लाल होऊन घरी येई. एकदा बाहीतून गुलाम खाली पडला. एकदा त्याने पत्ता फाडून तो पुन्हा अखंड करून दाखवला. सगळे टाळ्या वाजवणार तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, “हा तो नव्हे. त्याचा कोपरा दुमडलेला होता.”

बाई म्हणजे तपासणीच्या मुख्य. कप हातात धरायचा कसा इथपासून त्यांनी पैलवानाला शिकवलं होतं. त्याचे वडील आजारी होते तेव्हा स्वतःचं काम उरकून त्यांनी त्याचीही खोकी भरली होती, आणि वर दम दिला होता, “कोणाला सांगू नकोस. उगाच माझ्यापुढे रांग लागेल.” त्या आता निवृत्त व्हायच्या होत्या. त्याआधी एकदा, फक्त एकदा, बाईंनी आपल्या जादूवर तोंडात बोट घालावं एवढीच पैलवानाची इच्छा होती. माणसाने याहून मोठ्या इच्छा धराव्यात हे त्याला कळत होतं, पण धरली होती ती हीच.

“बाबा, तू एकवीस पत्त्यांची कर ना,” मुलगी अभ्यासातून डोकं वर न काढता म्हणाली. “तीन ओळी मांडायच्या. समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा आणि कुठल्या ओळीत आहे तेवढं सांगायचं. ती ओळ मधे घालून गोळा करायचं. असं तीनदा. मग अकरावा पत्ता तोच असतो.”

“आणि हातचलाखी?”

“नाहीच. नुसतं गणित आहे.”

“मग ती जादू कसली?” पैलवानाचा चेहरा उतरला. “त्यात लबाडीच नाही.”

“म्हणूनच सांगतेय,” मुलगी म्हणाली.

बायको हसली ती हसतच राहिली. पैलवानाने मात्र पत्ते मांडून पाहिले. एकदा, दोनदा, मग बायकोवर, मग शेजारच्या आजोबांवर. चुकेचना. लपवायला काही नव्हतं, त्यामुळे त्याचं तोंडही सुखाने चालू राहिलं. आपल्यासारख्या धांदरट माणसासाठीच कोणीतरी ही जादू रचून ठेवली असावी असं त्याला वाटलं.

शनिवारी डबे आवरून झाले तशी सगळी मंडळी त्याच्या टेबलाभोवती जमली. चिमणी सर्वांत पुढे. ती बाईंच्या शेजारी बसून कप तपासायची आणि दिवसभर चिवचिवायची, म्हणून चिमणी. टिकल्यांचा कागद तिने आधीच हातात घेऊन ठेवला होता.

“बाह्या वर कर,” ती म्हणाली.

पैलवानाने ऐटीत बाह्या दंडापर्यंत सारल्या. “बाई, तुम्ही पत्ता धरा. चिमणीच्या कानात सांगून ठेवा. नंतर वाद नको.”

त्याने एकवीस पत्ते मोजून तीन ओळींत मांडले आणि उरलेला गठ्ठा तोंड वर करून बाजूला ठेवला. बाई टेबलावर वाकल्या, जरा जास्तच वाकल्या, आणि मग चिमणीच्या कानाशी लागल्या. चिमणीची नजर पत्त्यांवरून फिरली आणि कुठेतरी अडली. तिची चिवचिव थांबली याचं पैलवानाला नवल वाटलं, पण त्याची गाडी आता सुटली होती.

“कुठली ओळ?”

“मधली.”

त्याने गोळा केले, पुन्हा मांडले. बाईंनी डावी ओळ दाखवली. तिसऱ्यांदा उजवी. पैलवान ग्रहताऱ्यांचं काहीबाही बडबडत पत्ते एकेक करून टाकत गेला, अकरावा हातात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा उलटा केला.

“बदाम नव्वी.”

“चूक,” बाई म्हणाल्या. “बदाम अठ्ठी होती.”

पैलवानाने हातातल्या पत्त्याकडे पाहिलं. नव्वीच होती. बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर बदाम अठ्ठी पडली होती. ती एकवीस पत्त्यांत कधी आलीच नव्हती.

बाईंनी ती तिन्ही वेळा ओळीत पाहिली होती.

गेले काही महिने बाई प्रत्येक कप बोटाने वाजवून कानाशी धरत होत्या. टेबल त्यांनी खिडकीला भिडवून घेतलं होतं. त्यांच्याकडून पास होऊन आलेल्या मालात त्याला मधूनच टवका उडालेला कप सापडे आणि तो मुकाट्याने बाजूला काढून ठेवी. बाईंचं लक्ष नसेल, उजेड कमी असेल, असं काहीतरी मनाशी म्हणे. या वयातही चष्म्यावाचून आपलं चालतं याचा बाईंना केवढा अभिमान होता.

त्याने वर पाहिलं. चिमणी त्याच्याकडेच बघत होती. तिच्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाची नजर नव्वीवरून अठ्ठीवर आणि अठ्ठीवरून खाली जमिनीवर गेली होती. केसाएवढी चीर शोधणारी माणसं ती. त्यांच्यापासून काय लपणार? एक शब्द बोलला की आपली जादू पास होईल हे पैलवानाला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती खरोखर साधली होती.

“मेलो,” तो कपाळावर हात मारून म्हणाला. “मांडणीतच घोळ केला मी. बडबडीच्या नादात एक ओळ उलटी गोळा केली.”

त्याने सगळे पत्ते झटकन एकत्र करून टाकले.

चिमणीने कागदावरची टिकली सोलली आणि त्याच्या नाकावर चिकटवली. “इतकी रद्दी जादू जन्मात पाहिली नाही,” ती म्हणाली. मागून दुसऱ्याने गालावर लावली, तिसऱ्याने कानाच्या पाळीवर. सगळे एकदम आणि गरजेपेक्षा मोठ्याने हसायला लागले. पैलवान मान पुढे करून उभा राहिला. या माणसांवर आपला किती जीव आहे हे त्याला इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं.

बाईही हसल्या. शेवटची टिकली त्यांनी लावली, हनुवटीवर, नेम धरून.

संध्याकाळी खोली रिकामी झाली. पैलवान शेवटच्या खोक्याला दोरी बांधत होता, तेव्हा बाई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“ही जादू माझा भाऊ करायचा,” त्या म्हणाल्या. “लहानपणी सबंध सुट्टीभर छळ मांडला होता मेल्याने. किती वेळा मांडली असेल, देव जाणे.”

“अस्सं?” पैलवान दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

“ती चुकत नाही रे. माझा भाऊ अगदी ढ होता, त्याचीही कधी चुकली नाही.”

पैलवानाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

“चिमणीला सांगितलंय मी. सोमवारपासून माझा माल एकदा तिच्या नजरेखालून जाईल. साहेबांनाही सांगेन. ते माझं मी करीन.” त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती, कपाच्या काठावरून फिरावीत तशी. “पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला मला भीती वाटते. इतके दिवस त्याच भीतीने गेले नाही. तू येशील बरोबर?”

“येतो ना. सोमवारीच जाऊ.”

“दाराबाहेर बसायचं मात्र. आत यायचं नाही.”

“का, बाई?”

“तो भिंतीवरची अक्षरं वाचायला लावेल,” बाई म्हणाल्या, “आणि मी चुकले की तू ते आपल्या अंगावर घेशील.”