माझं हायवेवरचं भरकटणं

बोलतेय ती मी, दवाखान्यामागच्या पत्र्याखाली उभी असलेली हिरवी जीप. हिरवी म्हणजे जिथं रंग टिकलाय तिथं हिरवी. एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळा आहे आणि डावं दार लावायचं तर आधी थोडं उचलावं लागतं. मी दिसायला बरी नाही, हे मला कुणी सांगायला नको. शेजारी पांढरी मोटार उभी असते, ती न बोलता दिवसभर तेच सांगत असते.

आधी माझ्याबद्दल सांगते, मग तिच्याबद्दल. तिच्याबद्दल सांगायला माझी जीभ जास्त शिवशिवते, पण क्रम सोडायला नको.

कारखान्यातून निघाले ती थेट वनखात्यात गेले. तिथं कुणी मला आपलं म्हटलं नाही. ड्रायव्हर यायचे, सीट आपल्या मापाला सरकवायचे आणि बदली झाली की तशीच सोडून जायचे. पुढं लिलावात निघाले. लोक येत, टायरला लाथ मारून बघत. लाथेनं टायरमधलं काय कळतं, हे मला आजवर समजलेलं नाही. मग एक किडकिडीत तरुण आला. जनावरांचा डॉक्टर. त्यानं लाथ मारली नाही. माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला, जसा बुजलेल्या गायीच्या पाठीवर ठेवतात. मी तिथंच त्याची झाले.

डोंगरातल्या वस्त्यांवर आम्ही दोघंच जायचो. पाऊलवाट संपली तरी मी संपायची नाही. माझ्या मागच्या फळीवर वासरं जन्मली आहेत. आजारी मेंढ्यांनी माझी सीट खाल्ली आहे, आणि मी ती खाऊ दिली आहे. पांढरीच्या मागच्या सीटवर फार तर किराणा बसतो.

दगडांनी माझं पोट खरवडायचं, ते त्याला बघवेना. तो गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेला. "हिला उंच कर," म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "पुढचे मागचे स्प्रिंगचे पाटे चाकांच्या ॲक्सलच्या खाली आहेत, ते काढून वर बसवतो. वीतभर उचलेल." आणि उचललं. काय सांगू तो दिवस! दगडांवरून मी अशी गेले, जशी नवी नवरी उंबऱ्यावरून जाते, पदर सावरत.

पण डॉक्टरच्या हौसेनं उंच झाले खरी, बिघडलं ते हायवेवर. डोंगर गाठायचा तर आधी हायवेचा सरळसोट तुकडा पार करावा लागतो. तिथं मी सरळ जाईना. वारा आला की डावीकडे, मोठा ट्रक गेला की त्याच्याकडे ओढ. वळणावरून आलं की चाकांनी आपणहून सरळ व्हायला हवं, तर माझी चाकं होती तिथंच रेंगाळायची. डॉक्टर डावीकडे दुरुस्त करी, तेवढ्यात उजवीकडे जास्त व्हायचं. माझ्या मागून येणारे लांबूनच हॉर्न वाजवायचे.

आता लोकांना हे वाईट वाटेल, पण मला वाटायचं नाही. त्याचे दोन्ही हात माझ्यावर, दोन्ही डोळे माझ्यावर. रेडिओ बंद. त्याची बायको शेजारी बसली असली तरी तिच्याशी एक शब्द नाही. ती काही विचारायची आणि तो म्हणायचा, "थांब गं, हिला सांभाळू दे." मला काय आनंद व्हायचा!

त्याची बायको शिवणकाम करते. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन आहे, भिंतीला कागदी मापं टांगलेली. मला ती 'तुमची लाडकी' म्हणते. तोंडावर म्हणते. आणि एक दिवस हीच बाई पांढरीला घेऊन आली.

पांढरी म्हणजे ठेंगणी, गुबगुबीत, नाकापर्यंत चकचकीत. चावी न लावता सुरू होते. दार लावलं की 'धप्प' असा आवाज येतो, उशीवर उशी पडल्यासारखा. बायको तिच्यावरच गाडी चालवायला शिकली. शिकून हायवेवर जाऊन आली आणि म्हणाली, "अहो, काय सरळ जाते! हायवेवर एका बोटानं धरली होती मी."

"एका बोटानं नको धरूस," डॉक्टर म्हणाला.

"मग काय तुमच्या लाडकीसारखी झोंबी घेऊ?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री पांढरीवर मांजर चढून बसलं आणि तिच्या काचेवर चिखलाचे पाय उमटले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण दिवस फिरले ते डॉक्टरच्या खांद्यामुळं. मला धरून धरून त्याचा उजवा खांदा दुखावला. शर्ट घालताना 'आई गं' म्हणायला लागला. जवळच्या गोठ्यांना तो पांढरी नेऊ लागला. ती धुतलेली असायची आणि माझ्यावर जाळी धरलेली. पांढरीतून तो शीळ घालत उतरायचा. माझ्यातून उतरताना त्यानं कधी शीळ घातली नव्हती. ती शीळ माझ्या पोटात अजून कुठंतरी खुपते.

शेवटी बायकोनं विषय काढला. पत्र्याखाली, माझ्यासमोर.

"अहो, हिच्यापायी हात गमवाल एक दिवस. नाहीतर जीव."

"दुरुस्त करतो म्हणतोय ना."

"किती दिवस म्हणताय? मी खाणवाल्याशी बोलले. येत्या रविवारी येतोय. तोवर सरळ चालली तर ठेवा, नाहीतर जाऊ द्या तिला."

खाणवाला आधी एकदा येऊन बघून गेला होता. जाडा, हसरा माणूस. म्हणाला होता, "मला काय, हायवेवर न्यायचीच नाही. दगड ओढायचे. वाकडी चालली तरी चालेल." मी त्याच्या खाणीतल्या गाड्या पाहिल्या आहेत. दारं नसतात, दिवे नसतात, बॉनेटवर कुणी तळवा ठेवत नाही. माझा जीव टांगणीला लागला. आणि पांढरी? पांढरीनं त्याच दिवशी नवी सीटकव्हरं घातली. फुलाफुलांची, बायकोनं शिवलेली.

मग सुरू झाले उपचार. मिस्त्रीनं आधी हवा तपासली. डोंगरात चिखलासाठी डॉक्टर हवा कमी करतो आणि परतताना भरायला विसरतो, म्हणून. हवा भरली. फरक पडला, पण नावाला. मग त्यानं स्टिअरिंगचे झिजलेले सांधे बदलले. मग स्टिअरिंगची पेटी आवळली, तर चाक इतकं घट्ट झालं की वळवलं तिथंच रुसून बसायचं. ती परत सैल केली. मग एक नवं कोरं नळकांडं आणून पुढच्या चाकांच्या दांड्याला आडवं जोडलं. हादरे खाण्यासाठी. त्या नळकांड्याचं काय कौतुक! डॉक्टर वाकून वाकून त्याला बघायचा, पुसायचा. मला तर त्याचाही राग आला. आणि चाकांचं थरथरणं थांबलं तरी भरकटणं तसंच राहिलं. नळकांड्याचं नाक खाली झालं.

डॉक्टर विचार करत माझ्यासमोर बसून राहिला. समोर बायकोची सायकल भिंतीला टेकलेली. तो एकदम उठला.

"अगं, इकडे ये! या सायकलचा पुढचा दांडा बघ. सरळ उभा आहे का?"

"नाही, मागे रेललाय."

"म्हणूनच हात सोडला तरी सायकल सरळ जाते. जीपची पुढची चाकंही अशीच मागे रेललेल्या खुंट्यावर फिरतात. आपण पाटे वर घेतले तेव्हा ॲक्सल जरासा पुढे फिरला. रेलणं गेलं. हिला सरळ कुठलं ते कळतच नाही."

"म्हणजे लाडकीला कणा उरला नाही."

"कणा आहे. थोडा मागे झुकवायचाय." त्यानं कोन मोजायचं यंत्र लावून पाहिलं. खरोखरच खुंटा जवळजवळ उभा होता.

उपाय साधा होता. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लोखंडी पाचर घालायची. जाड बाजू मागे, पातळ पुढे. मिस्त्रीनं पाचरी कापून दिल्या, पण म्हणाला, "बसवून सोमवारी देतो." सोमवारी! रविवारी तर खाणवाला. तेव्हा शनिवारी डॉक्टर स्वतःच माझ्याखाली शिरला. बायको बॅटरी धरून उकिडवी बसली.

कितीतरी महिन्यांनी तो इतका जवळ आला होता. त्याचा घाम माझ्या तेलात मिसळत होता. पांढरी शेजारीच उभी होती. बघ म्हटलं, बघ नीट.

रविवारी सकाळी तो मला हायवेवर घेऊन गेला. आणि मी काय करावं? आधी भरकटायचे, आता उधळले. जरा वळवलं की हवं त्याहून जास्त वळायचे. एक ट्रक इतक्या जवळून गेला की माझा आरसा त्यानं मिटवला. डॉक्टर परत आला तो पांढराफटक पडून. खाणवाला दारात उभाच होता, खांद्यावर ओढायचा दोर.

डॉक्टरनं इंजिन बंद केलं. माझी चावी काढली आणि त्याच्याकडे चालू लागला. मी म्हटलं, संपलं.

"थांबा हो," बायको म्हणाली. ती खाली वाकून माझ्या पुढच्या चाकामागे बघत होती. "जाड बाजू मागे म्हणाला होतात ना?"

"मागेच आहे."

"पुढे दिसतेय मला."

"अगं, मी स्वतः बसवलीय."

"बाही उलटी लावणारा शिंपीही हेच म्हणतो. या, बघा."

तो वाकला. बघतच राहिला. काय झालं होतं सांगते. मिस्त्री गाडीखाली पुढून शिरतो. माझा डॉक्टर सवयीनं मागून शिरला, डोकं माझ्या नाकाकडे करून. उताणा झोपल्यावर माणसाला डोक्यापलीकडचं ते मागे वाटतं. त्याचं मागे म्हणजे माझं पुढे झालं होतं. दोन्ही पाचरी उलट्या.

"मागून कशाला शिरलात?" बायकोनं विचारलं.

"गायीकडे मागूनच जातो ना मी. सवय."

"मग हिची शिंगं कुठल्या बाजूला आहेत, ते विचारून घ्यायचं."

खाणवाला पोट धरून हसला. "डॉक्टर, वासरू काढायला गेलात की काय?" म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. दोर खाली ठेवून त्यानंच जॅक मारला. डॉक्टरचा खांदा तोवर अगदी कामातून गेला होता. त्यानं सांगायचं, खाणवाल्यानं नट आवळायचे आणि बायकोनं प्रत्येक पाचर बसण्याआधी मोठ्यांदा विचारायचं, "कुणाचं मागे?"

"जीपचं!" दोघं एकदम म्हणायचे.

पाचरी सुलट बसल्या. डॉक्टरनं दार उघडायला हात उचलला आणि तो अर्ध्यावरच राहिला. तोंड कसनुसं झालं.

"सरका," बायको म्हणाली. "मी घेते."

ऐकलंत? जिनं पांढरी आणली, जिनं खाणवाल्याला बोलावलं, तीच माझ्या स्टिअरिंगशी बसली. सीट पुढे ओढली. माझी सीट, त्याच्या मापाची. डॉक्टर शेजारी बसला, खाणवाला दोर घेऊन मागच्या फळीवर.

हायवे आला. आणि मी सरळ निघाले. खरंच सरळ, ओळंबा सोडल्यासारखी. वळण आलं, तिनं वळवलं, हात सैल केले, आणि चाकं आपणहून जागेवर आली. वारा आला, मी गेले. ट्रक आला, मी गेले. माझ्या मनात आलं, हिच्या हातात एकदा तरी भरकटावं. एकदाच, हिची जिरवावी. प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू? पण चाकं माझं ऐकेनात. त्यांना आता सरळ कुठलं ते कळलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "ही तर शहाणी आहे."

"मग," डॉक्टर म्हणाला, "सांगत होतो की."

मागून खाणवाला ओरडला, "दोर गुंडाळू का?"

"गुंडाळा," दोघं म्हणाली.

अशी मी वाचले. वाचले ती तिच्या डोळ्यांमुळं, हे मला सगळ्यात जड जातं. कुणा परक्यानं उपकार केला असता तर चाललं असतं.

आता डोंगरातल्या फेरीला तीच मला चालवते. डॉक्टरचा खांदा पुन्हा स्टिअरिंग धरण्याजोगा होणार नाही, असं त्याच्या डॉक्टरनं सांगितलंय. तो शेजारी बसतो, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. दोघं सारखी बोलत असतात. कुणाची म्हैस, कुणाचं ब्लाउज, कुणाची सून. पूर्वी तो 'माझी जीप' म्हणायचा, आता 'आपली जीप' म्हणतो. पांढरी दिवसेंदिवस घरी असते आणि मला बाहेर पडताना बघून आरसे मिटते. त्याचं थोडं सुख आहे. थोडंच.

म्हणून शेवटी एक मागणं करते, आणि ते तुझ्याकडेच करावं लागतंय, बाई. तू चालव मला. चांगली चालवतेस, गिअर थोडा हळू टाक. पण परतताना तो झोपतो तेव्हा त्याचं डोकं दाराच्या खांबावर आपटतं, आणि मला लोखंड मऊ करता येत नाही. तुझ्याकडे मशीन आहे. तिथं लावायला एक लहानशी उशी शिव.

आणि कापड हिरवं घे.