पूर्णिमाला वाचता येतं

पूर्णिमाला वाचता येतं. असं मी लिहून दिलंय, सहीनिशी.

गेल्या वर्षी वाचनाची पडताळणी होती. कोणतं मूल अक्षरं वाचतं, कोणतं शब्द, कोणतं अख्खा परिच्छेद, ते भरून पाठवायचं. शाळेचं गाव नुकतंच पुणे महापालिकेत गेलेलं. मुख्याध्यापक वैजनाथ सर म्हणाले, "उल्काताई, सगळ्यांना 'परिच्छेद' टाका. खुलासे लिहीत बसायची हौस आहे का आपल्याला?" मला नव्हती. कर्वेनगरहून दोन बस बदलून येणाऱ्या बाईला हौस कसली उरणार. बत्तीस मुलांपुढे बत्तीस खुणा केल्या आणि सुटले, असं वाटलं मला. डोंबल सुटले.

यंदा मागे पडलेल्या मुलांसाठी खास शिक्षिका आल्या. ज्या शाळांनी खरं भरलं, त्यांना मिळाल्या. आमच्याकडे मागे पडलेलं मूलच नाही म्हणे. दुरुस्ती मागावी तर चौकशी लागणार, आणि सरांची निवृत्ती दीड महिन्यावर. "मी गेल्यावर काय ते करा," ते म्हणाले. त्या शिक्षिकांकडे पाठवायच्या मुलांची यादी आज, शनिवारी, बंद होतेय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

काल, शुक्रवारी, पूर्णिमाची आई शालू तिला घेऊन आली. पोर पाचवीत, पण अजून जोडाक्षराला अडते.

"बाई, शेजारच्या शाळंत नव्या बाई आल्यात. हिचं नाव तिथं घालता का?"

"यादीत बसत नाही ती."

"का वं?"

"कागदावर तिला वाचता येतं असं आहे."

"कुणी लिवलं?"

"मी."

आता ही शिव्या घालणार, असं वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं. पण तिचा चेहरा उजळला, आणि मग ती पोरीकडे वळली. "म्हंजी तुला येतंय? घरी पुस्तक दिलं की मुक्यावानी बसतीस, ते सोंग हाय व्हय?"

"अहो, तसं नाही," मी म्हणाले. तेवढ्यात सर दारात येऊन उभे राहिले, आणि पुढचं वाक्य मी गिळलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पूर्णिमाने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येतंय मला," ती आईला म्हणाली. "उगंच करत हुते."

शालूने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मला हात जोडले.